बरोबर कोण होतं?

लहानपणी सांगलीच्या सरकारी घाटावरून ओल्या केसांनी घरी परतले, की बाबा एकच प्रश्न विचारत असत : "बरोबर कोण होतं?" पाणी किती होते, किती लांब गेलीस, अभ्यासाचे काय, हे सगळे त्यानंतर. बरोबर कुणी नव्हते असे उत्तर मिळाले, तर पुढचे आठ दिवस माझा घाट बंद होत असे. पोहायला मी त्यांच्याकडूनच शिकले, तेही पाठीला झाकण घट्ट बसवलेला पत्र्याचा रिकामा डबा बांधून. कृष्णाकाठच्या बहुतेक मुलांना त्या काळी असेच शिकवत. कुणाच्या पाठीला डबा असे, तर कुणाच्या वाळलेला भोपळा. डबा सुटला त्या दिवशी बाबांनी मला पैलतीरापर्यंत नेले आणि परत आणले. तो संपूर्ण वेळ ते माझ्यापासून हातभर अंतरावर, प्रवाहाच्या खालच्या बाजूने पोहत होते, हे माझ्या लक्षात यायला मला मोठे व्हावे लागले.

आज मी इंग्लंडमधल्या रेडिंग या शहरात राहते. घरापासून चालत पंधरा मिनिटांवर थेम्स वाहते, आणि गेली तीन वर्षे मी कनू आणि कयाक या वल्ह्याच्या छोट्या होड्यांच्या इथल्या एका क्लबची सभासद आहे. दर रविवारी सकाळी आठ-दहा जणांचा गट मिळून नदीवर जातो. या क्लबविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते, कारण पाण्याविषयी मला जे काही कळते असे वाटत होते त्यातला अर्धा भाग मी इथे नव्याने शिकले, आणि उरलेला अर्धा भाग बाबांच्या त्या एका प्रश्नात आधीच होता, हेही मला इथेच उमगले.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला तेव्हा मी रेडिंगमध्येच होते. सांगलीकर माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असला तरी पावसाळ्यात त्याचा दिवस आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीने सुरू होतो. ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आकडे आम्हाला पाढ्यांसारखे पाठ असतात. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि कितीतरी जीव गेले. ती बातमी मी स्वयंपाकघरात उभी राहून मोबाइलवर पुनःपुन्हा वाचत होते. नदीकाठी जन्मलेली, पाण्यात वाढलेली माणसे घरापासून हाकेच्या अंतरावर बुडाली, हे मनाला पटत नव्हते. पोहता येणे आणि पाण्यात सुरक्षित असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या दिवशी मला बुद्धीने कळले. अंगाने कळायला आणखी अडीच वर्षे लागली.

एप्रिल २०२२ मध्ये मी हवा भरून वापरायची एक कयाक विकत घेतली आणि एका शनिवारी दुपारी कॅव्हरशॅमच्या किनाऱ्यावरून एकटीच पाण्यात उतरले. ऊन छान पडले होते. पुलाजवळ आल्यावर वाऱ्याने होडी आडवी झाली आणि प्रवाहाने ती पुलाच्या खांबाकडे ढकलली. खांब जवळ येताना पाहून कुणीही करील तेच मी केले : खांबापासून दूर, म्हणजे प्रवाह ज्या बाजूने येत होता त्या बाजूला मी झुकले. तीच चूक ठरली. आडव्या होडीची वरच्या अंगाची कड थोडी जरी खाली गेली तरी वाहते पाणी तिच्यावर चढते आणि होडीला क्षणात पालथी घालते. अशा वेळी उलट खांबाच्या दिशेने झुकायचे असते, त्याला जवळजवळ मिठीच मारायची असते. हे आज मला माहीत आहे, त्या दिवशी नव्हते.

पाण्यात पडल्यावर मला धक्का बसला तो थंडीचा. इंग्लंडमध्ये एप्रिलची हवा उबदार झाली तरी नदीचे पाणी तसे झालेले नसते. पंधरा अंशांपेक्षा थंड पाण्यात अंग एकदम बुडाले की श्वास आपल्या ताब्यात राहत नाही, माणूस नकळत मोठमोठ्याने धापा टाकू लागतो, आणि त्याच क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पोहणाऱ्याचाही इलाज चालत नाही. माझे तोंड सुदैवाने वर होते. काठ वीस मीटरवरही नव्हता, आणि कृष्णा ओलांडणारी मी ते वीस मीटर कापू शकत नव्हते. बोटे वळत नव्हती. जवळून जाणाऱ्या एका मोटरबोटीतल्या वयस्कर जोडप्याने मला वर ओढून घेतले. बाईंनी माझ्याभोवती घोंगडी गुंडाळली आणि माझा श्वास जरा ताळ्यावर आल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुमच्याबरोबर आणखी कोण होते. त्यांना पाण्यात दुसरे कुणी राहिले आहे का, एवढेच जाणून घ्यायचे होते. मला मात्र घाटावरून ओल्या केसांनी परत आल्यासारखे वाटले आणि मी बराच वेळ रडत होते.

पुढच्याच महिन्यात मी क्लबमध्ये नाव घातले. क्लब म्हणजे नदीकाठची एक लांबट शेड आहे. आत फळ्यांच्या मांडण्यांवर तीन थरांत होड्या ठेवलेल्या असतात, खुंट्यांना ओली जाकिटे टांगलेली असतात आणि दाराशी एक वही असते. पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाने त्या वहीत नाव, वेळ आणि कुठवर जाणार हे लिहायचे, आणि परत आल्यावर स्वतःच्या हाताने त्यापुढे खूण करायची, असा नियम आहे. संध्याकाळी शेड बंद करणारा सभासद आधी ती वही पाहतो. खूण नसलेले एक जरी नाव असेल तरी कुलूप लागत नाही.

नवख्यांसाठी सहा संध्याकाळींचा वर्ग असतो. पहिल्याच दिवशी आम्हाला कनू आणि कयाक यांतला फरक सांगितला गेला, कारण इंग्लंडमध्ये बोलताना लोक दोहोंनाही सर्रास कनू म्हणतात. कयाक ही आर्क्टिक प्रदेशातल्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. ती सीलच्या कातड्याने मढवलेली आणि वरून झाकलेली असे, आणि तिच्यात पाय पसरून बसून दोन पात्यांच्या वल्ह्याने ती चालवली जाई. कनू ही उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची, भूर्जाच्या सालीची आणि वरून उघडी. तिच्यात गुडघ्यांवर बसून एका पात्याच्या वल्ह्याने वल्हवतात. आता दोन्ही बहुधा प्लास्टिकच्या असतात, पण बैठक आणि वल्हे मात्र तेच राहिले आहे. ब्रिटनमध्ये हा छंद लोकप्रिय केला तो जॉन मॅकग्रेगर या वकिलाने. १८६५ मध्ये त्याने 'रॉब रॉय' नावाची छोटी होडी बांधून घेतली आणि तिच्यातून एकट्याने युरोपातल्या नद्यांवर प्रवास केला. एकट्याने एवढे हिंडून आलेल्या या माणसाने दुसऱ्याच वर्षी, १८६६ मध्ये, इतरांना जमवून थेम्सवर कनू क्लब काढला, ही गोष्ट मला फार आवडते.

वर्गात वल्हवायला शिकवण्याआधी उलटायला शिकवतात. कयाकमध्ये बसल्यावर कमरेभोवती स्प्रे-डेक नावाचा रबरी घेर चढवायचा असतो. त्याची कड होडीच्या तोंडाभोवती ताणून बसवली की आत पाणी शिरत नाही, पण आपणही होडीला बांधल्यासारखे होतो. कड सोडवण्यासाठी पुढच्या बाजूला पट्टीचा एक फासा असतो. तो आत दुमडला गेला तर पाण्याखाली सापडत नाही, म्हणून निघण्यापूर्वी प्रत्येकाने शेजाऱ्याचा फासा बाहेर आहे ना हे हात लावून पाहायचे असते. आमच्या प्रशिक्षिका निवृत्त शिक्षिका आहेत. त्या कमरेएवढ्या पाण्यात माझ्या होडीशेजारी उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला तीन गोष्टी घोकून घ्यायला लावल्या. उलटल्यावर आधी पुढे वाकायचे. मग दोन्ही हात पाण्याबाहेर काढून होडीच्या पोटावर तीनदा थापा मारायच्या. मग कडेवरून हात पुढे सरकवत फासा शोधायचा, तो पुढे ओढायचा, आणि विजार उतरवावी तशी होडी अंगावरून उतरवायची.

त्या तीन थापांचे महत्त्व मला प्रत्यक्ष उलटल्यावर कळले. पाण्याखाली डोके, नाकात पाणी, सगळे हिरवट दिसते आहे, अशा वेळी शरीराला एकच घाई असते आणि ती म्हणजे धडपडत बाहेर निघण्याची. थापा मारायच्या म्हटल्या की ती घाई क्षणभर थांबते. शिवाय त्या थापा ऐकून जवळची होडी आपले टोक तुमच्या हातांपाशी आणते, आणि त्या टोकाचा आधार घेऊन होडीतून बाहेर न पडताच पुन्हा सरळ होता येते. म्हणजे पाण्याखाली असतानाही कुणीतरी येणार आहे हे गृहीत धरून वागायचे असते. पहिल्या वेळी मी थापा विसरले. दुसऱ्या वेळी दोन मारल्या. चौथ्या वेळी तीन मारल्या, हात तसेच वर ठेवले, आणि अंधारात कुणीतरी हाताला हात द्यावा तसे शेजारच्या होडीचे टोक माझ्या तळव्यात आले.

अंगात घालायचे जाकीट इथे लाइफ जॅकेटपेक्षा वेगळे असते. लाइफ जॅकेट बेशुद्ध माणसालाही पाण्यात उताणे फिरवते, पण ते जाड असल्यामुळे घालून वल्हवणे अवघड जाते. आम्ही वापरतो त्याला बॉयन्सी एड म्हणतात. ते आपल्याला तरंगत ठेवते, हात मोकळे ठेवते, पण तोंड वर ठेवण्याची जबाबदारी आपलीच राहते. पहिल्यांदा ते घालून पाण्यात पडले आणि पाठीवर काहीतरी वर उचलते आहे असे जाणवले, तेव्हा मला माझा पत्र्याचा डबा आठवला. आणखी एक ओळखीची गोष्ट भेटली ती म्हणजे लेप्टो. उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणारा हा आजार मुंबई-कोकणच्या पावसाळ्यातला म्हणून आपल्याला माहीत आहे. इथल्या नद्यांमध्येही त्याची धास्ती असते, म्हणून हातावर ओरखडा असेल तर त्याला पाणी लागणार नाही अशी पट्टी लावतात आणि डबा उघडण्याआधी हात धुतात.

वर्ग संपल्यावर रविवारच्या गटात घेतात, आणि क्लबचे खरे शिक्षण तिथून सुरू होते. गट पाण्यावर एका ठरलेल्या रचनेने चालतो. सर्वांत पुढची होडी अनुभवी माणसाची असते, आणि तिच्या पुढे कुणी जायचे नाही. सर्वांत मागची होडी दुसऱ्या अनुभवी माणसाची असते, आणि तिच्या मागे कुणी राहायचे नाही. मधल्या प्रत्येकाने पुढच्यापेक्षा मागच्याकडे अधिक लक्ष द्यायचे असते. वळणावर मागची होडी दिसेनाशी होणार असेल तर वळण घेण्याआधी थांबायचे, आणि ती दिसली की निघायचे. या एका सवयीमुळे पुढच्या माणसाला सारखे मागे वळून पाहावे लागत नाही; शेवटची होडी थांबली, की साखळीतली एकेक कडी थांबत जाते आणि थोड्याच वेळात सगळा गट उभा राहतो. शिट्टीची एक फुंकर म्हणजे लक्ष द्या, तीन म्हणजे संकट. याखेरीज फारशी बडबड नसते.

या नियमांमागे मोठे दुःख आहे, आणि ते नव्या सभासदांना सांगितले जाते. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे येथे शाळेची आठ मुले, त्यांचे एक शिक्षक आणि दोन प्रशिक्षक कयाकमधून समुद्रावर गेले. शिक्षकांची होडी वारंवार उलटू लागली म्हणून एक प्रशिक्षक त्यांच्याजवळ थांबले आणि दुसऱ्या प्रशिक्षकांसह मुले एकमेकांच्या होड्या धरून थांबली. जमिनीकडून वाहणाऱ्या वाऱ्याने मुलांना समुद्रात लोटले, दोन्ही तुकड्या एकमेकींना दिसेनाशा झाल्या, होड्या लाटांनी भरल्या, आणि मदत पोहोचेपर्यंत फार वेळ गेला. चार मुले दगावली. त्यानंतर १९९५ मध्ये संसदेने मुलांच्या साहसी उपक्रमांसाठी परवाना सक्तीचा करणारा कायदा केला. हे ऐकल्यापासून वळणावर थांबायचा मला कधीही कंटाळा आलेला नाही.

एका रविवारची हकिगत सांगते, म्हणजे हे सगळे डोळ्यांपुढे येईल. मागच्या सप्टेंबरमध्ये आम्ही पँगबर्न ते रेडिंग असा साधारण अकरा किलोमीटरचा पल्ला घेतला. गटाने जायचे तर दिवस मोटारींच्या जुळवाजुळवीने सुरू होतो : सगळ्या होड्या आणि माणसे आधी वरच्या टोकाला सोडायची, मग चालकांनी मोटारी खालच्या टोकाला नेऊन ठेवायच्या आणि एकाच मोटारीतून परत यायचे. तोवर बाकीचे जण थर्मासमधला चहा पीत होड्या उतरवून घेतात. आदल्या संध्याकाळी गटप्रमुखांनी नदीची स्थिती पाहिलेली असते. थेम्सवर लॉकपाशी, म्हणजे होड्या वरखाली नेण्याच्या हौदापाशी, फलक लावतात. पिवळा फलक म्हणजे प्रवाह वाढतो आहे किंवा ओसरतो आहे, सांभाळा, आणि लाल फलक म्हणजे प्रवाह जोराचा आहे, वल्ह्याच्या होड्यांनी उतरूच नये. आयर्विन पुलाचे फूट पाहत वाढलेल्या मला हे फलक समजावून सांगावे लागले नाहीत. त्या रविवारी एकही फलक नव्हता.

पँगबर्नच्या कुरणाजवळून आम्ही निघालो. मागे व्हिटचर्चचा पांढरा लोखंडी पूल होता. त्यावरून मोटार न्यायला आजही पथकर द्यावा लागतो. डाव्या हाताला झाडीने भरलेला उतार नदीपर्यंत येतो आणि त्यावर तांबड्या घारी घिरट्या घालत असतात. इंग्लंडमधून या घारी नाहीशा झाल्या होत्या. १९८९ पासून स्पेनमधून आणून त्या या डोंगररांगेत पुन्हा सोडल्या, आणि आता एका नजरेत दहा-बारा सहज दिसतात. त्या सकाळी पाणी इतके शांत होते, की वल्ह्यावरून ओघळणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकू येत होता. कुणी बोलत नव्हते. त्या शांततेत आपण एकटे नाही, पुढे आठ होड्या आहेत, ही जाणीव मला फार सुखाची वाटते. मराठी संघातल्या मैत्रिणींना मी हे सांगते तेव्हा त्या म्हणतात, की निसर्गात जायचे तर घोळका कशाला? माझा अनुभव असा, की मन खरोखर निसर्गाकडे लावायचे असेल तर जिवाची काळजी वाटून घेणारे कुणीतरी जवळ लागते.

पुढे मेपलडरहॅमचे लॉक येते. थेम्स ही बंधाऱ्यांनी अडवलेली नदी आहे आणि प्रत्येक बंधाऱ्याच्या बगलेला दरवाजांचा एक हौद असतो, त्यात पाणी भरून किंवा सोडून होड्या वरखाली नेतात; तेच लॉक. आम्ही बहुधा लॉक वापरत नाही. अलीकडे काठाला लागतो, दोघांनी मिळून दोन होड्या दोन टोकांना धरून उचलतो आणि पलीकडे नेतो. बंधाऱ्याकडे मात्र कुणी फिरकायचे नाही, हा क्लबचा सर्वांत कडक नियम. वरून पाहणाऱ्याला बंधारा म्हणजे पाण्याची एक गुळगुळीत रेघ वाटते. खाली पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर उसळते आणि मागे, बंधाऱ्याकडेच फिरते. त्या फेऱ्यात सापडलेला माणूस किंवा होडी तिथेच गरगरत राहते. सांगलीच्या बंधाऱ्यावर उड्या मारणारी मुले मी लहानपणी पाहिली आहेत. त्यांना हे कुणी असे उलगडून सांगितले नव्हते, 'तिकडं जाऊ नको' एवढेच सांगितले होते, आणि नुसत्या 'नको'ने कोणते मूल थांबते?

त्या दिवशी शेवटची होडी पहिल्यांदाच माझ्याकडे दिली होती. लॉकच्या खाली बंधाऱ्याचे पाणी डावीकडून येऊन मिळते, आणि संथ पाणी व वाहते पाणी यांच्यामध्ये स्पष्ट रेघ दिसते. ती ओलांडताना प्रवाह जिकडे जातो तिकडे झुकायचे असते. माझ्या पुढे असलेला नवा तरुण सभासद उलट दिशेने झुकला आणि पाहता पाहता पालथा झाला. मी शिट्टी फुंकली. पुढची साखळी थांबू लागलेली दिसत होती, पण त्याच्याजवळ सर्वांत आधी पोहोचणारी मीच होते. होडीच्या पोटावर थापा ऐकू आल्या, एक, दोन, मग काही नाही, आणि मग तो स्वतःच बाहेर आला, खोकत, डोळे विस्फारून. मी त्याला माझ्या होडीचे टोक धरायला सांगितले, त्याच्या होडीचे नाक माझ्यासमोर आडवे ओढून घेतले, ती पालथीच मांडीपुढच्या भागावर चढवली, हलवून तिच्यातले पाणी काढले, सरळ केली आणि माझ्या होडीला समांतर लावली. मग दोन्ही होड्यांच्या मध्ये येऊन, पाय वर घेऊन तो पुन्हा आत बसला. शेडसमोरच्या पाण्यात आणि हिवाळ्यात तरणतलावात हे मी तीस-चाळीस वेळा केले असेल. तरीही माझे हात नंतर थरथरत होते. काही मिनिटांनी गट पुन्हा चालू लागला, आणि तो मुलगा उरलेला सारा वेळ दर वळणावर माझ्याकडे मागे वळून पाहत होता.

रेडिंगच्या वरच्या अंगाला रेल्वेमार्ग नदीच्या अगदी कडेने जातो, मग घरे सुरू होतात, आणि कॅव्हरशॅमचा पूल येतो. त्या खांबाजवळून जाताना मी अजूनही थोडी दूर राहते.

ज्यांना असा क्लब शोधायचा असेल त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिणे भाग आहे. इंग्लंडमध्ये बहुतेक क्लब 'पॅडल यूके' या राष्ट्रीय संस्थेशी संलग्न असतात. १९३६ मध्ये सुरू झालेली ही संस्था अलीकडेपर्यंत 'ब्रिटिश कनूइंग' या नावाने ओळखली जाई. तिच्या वैयक्तिक सभासदत्वातच थेम्ससारख्या जलमार्गांवर होडी घालण्याचा परवाना येतो. परवान्याचे ऐकून आपल्याकडच्या माणसाला नवल वाटेल, कारण आपला घाट सर्वांचा असतो. इंग्लंडमध्ये नद्यांच्या एकूण लांबीपैकी सुमारे ४ टक्केच लांबीवर वल्हवण्याचा निर्विवाद हक्क आहे; बाकीच्या नद्यांवर काठाच्या मालकांशी वाद निघू शकतो. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने हा हक्क जवळजवळ सर्व नद्यांवर दिला. या बाबतीत इंग्लंडने शेजाऱ्याकडून शिकावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्लब पाहायला जाल तेव्हा होड्या किती नव्या आहेत हे पाहू नका. गट निघताना दाराशी उभे राहा. कुणी माणसे मोजते का, नवख्याचा फासा कुणी हात लावून तपासते का, शेवटची होडी कुणाची आहे हे सगळ्यांना माहीत आहे का, एवढे बघा. पोहता येत नसेल तर तसे पहिल्याच दिवशी सांगा. आमच्याकडे आलेल्या काही भारतीय स्त्रियांनी ते संकोचाने लपवले होते. वास्तविक त्यांच्यासाठी आधी तरणतलावाची सोय होऊ शकत होती आणि पुढे ती झालीही. वयाचा तर प्रश्नच नाही. आमच्या गटातले सर्वांत ज्येष्ठ सभासद सत्तरी ओलांडलेले आहेत आणि तरुणपणी त्यांनी डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही १२५ मैलांची शर्यत पुरी केलेली आहे. त्या शर्यतीत होडी ७७ वेळा पाण्याबाहेर काढून उचलून न्यावी लागते. आज ते गटात सर्वांत हळू वल्हवतात, आणि त्यांच्या वेगाने सगळा गट चालतो.

या दिवाळीत मी सांगलीला जाते आहे. सामानात एक वस्तू घेतली आहे, ती म्हणजे फेकदोरीची पिशवी. दुधाच्या पातेल्याएवढी कापडी पिशवी असते, तिच्यात पाण्यावर तरंगणारी दोरी गुंडाळी न करता मुठीमुठीने कोंबलेली असते, म्हणून ती फेकताना गुंतत नाही. दोरीचे एक टोक हातात ठेवायचे, ओरडून बुडणाऱ्याचे लक्ष वेधायचे, आणि पिशवी त्याच्या डोक्यापलीकडे फेकायची, म्हणजे दोरी त्याच्या अंगावर पडते. मग फेकणाऱ्याने खाली बसून पाय रोवायचे. पाण्यातल्याने उताणे होऊन दोरी छातीशी धरायची. प्रवाहच त्याला काठाला आणून लावतो. बुडणाऱ्यासाठी पाण्यात उडी घेऊन स्वतः बुडालेल्यांच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. घाटावर सकाळी पोहायला येणाऱ्या मंडळींना हे एकदा करून दाखवावे, अशी माझी इच्छा आहे. बाबा आता पाण्यात उतरत नाहीत, पण रोज सकाळी पायरीवर येऊन बसतात. त्यांना फोनवर हे सांगितले तेव्हा त्यांनी दोरी किती लांब आहे ते विचारले. मी वीस मीटर म्हणाले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, की सरकारी घाटाच्या खालच्या पायरीपासून धार दिवाळीत साधारण तेवढ्यावरच असते, पण आपण मोजून बघू. आणि फेकताना काठावर तुझ्या मागे मी बसेन.